तबकडीचं कूळ लाखेचं

आबांचा रेकॉर्ड प्लेअर भाचीनं माळ्यावरून खाली काढला, तेव्हा मोटर नुसती गुरगुरत होती. वरचं तबक जागचं हलत नव्हतं. मोटरचा दांडा आणि तबकाची कड यांच्यामध्ये जे रबरी चाक दाबून बसतं, ते वाळून कडक झालं होतं आणि जुन्या ग्रीसचा गोंद झाला होता. आम्ही ग्रीस खरवडलं, चाकाला नवं रबर चढवून घेतलं, नवी सुई आणली. तबक फिरू लागलं. मग तिनं 78 ची (मिनिटाला 78 फेऱ्यांची) एक मळकी तबकडी उचलली आणि कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला. मी तिचा हात धरला.

"मामा, सीडी तर याच्यानंच पुसतात!"

तिला तेव्हा जे सांगितलं, तेच इथे लिहितो आहे.

'तबकडी' म्हणजे लहान तबक. विड्याचं, अत्तरगुलाबाचं तबक आपल्याकडे फारसीतून आलं. 'ध्वनिमुद्रिका' हा शब्द छापण्यापुरता राहिला. घराघरांत रूढ झाली ती तबकडीच. पण कूळ शोधायचं तर शब्दाहून पदार्थाकडे जावं लागतं. एडिसनच्या 1877 च्या फोनोग्राफमध्ये आवाज नळकांड्यावर उठत असे. एमिल बर्लिनरनं 1887 मध्ये चपटी चकती पुढे आणली. साच्यावरून तिच्या हव्या तेवढ्या प्रती दाबून काढता येतात, हा तिचा मोठा गुण. सुरुवातीला कडक रबर वापरून पाहिलं, ते नीट टिकेना. मग हाती आली लाख. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर एक इवलासा किडा जी राळ सोडतो, ती. छोटा नागपूरच्या जंगलांतली ही लाख जगभर जात असे.

तबकडीत लाख असते साधारण तिसरा हिस्सा. बाकी दगडाची पूड, थोडा कापसाचा तंतू आणि रंगाला काजळी. ही पूड मुद्दाम घातलेली. पोलादी सुई तिच्यावर घासून खाचेच्या आकाराची व्हावी, हा हेतू. म्हणून जुन्या चावीच्या ग्रामोफोनला दर बाजूला नवी सुई लागे.

1902 मध्ये ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आला आणि त्यानं गायिका गोहरजानचं गाणं मेणावर उतरवून घेतलं. त्या तबकड्या छापल्या गेल्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला. आपल्या रानातली लाख परदेशी गेली आणि आपलंच गाणं अंगावर घेऊन परत आली, हे मला आजही विलक्षण वाटतं. 1908 मध्ये कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला आणि ही वारी थांबली. एका बाजूला मावणाऱ्या तीन-साडेतीन मिनिटांत गवयांनी ख्याल आणि नाट्यपदं बसवली. पुढे 1948 मध्ये व्हिनाइलची लाँग प्ले आली. आपल्याकडे मात्र साठच्या दशकातही 78 च्या तबकड्या निघतच होत्या.

आता स्पिरिटकडे येतो. सुतार चपडी लाख स्पिरिटमध्ये भिजत घालतो आणि लाकडाला पॉलिश करतो. आबांच्या प्लेअरच्या पेटीवरची तांबूस चकाकी त्याच लाखेची. म्हणजे पेटी आणि तबकडी एकाच कुळातल्या, आणि स्पिरिट दोघींनाही विरघळवतं. त्या बोळ्यानं खाचा पुसट झाल्या असत्या, आणि खाचेबरोबर गाणंही गेलं असतं.

तुमच्या माळ्यावर अशी पेटी असेल तर ती मुलांच्या हाती जरूर द्या. त्याआधी तबकडी उचलून पाहा: जड, ताठ, टिचकी मारली की बशीसारखी वाजणारी असेल तर ती लाखेची. मऊ कोरड्या ब्रशनं खाचेच्या दिशेनं धूळ काढा. सुई उलटवायची सोय असेल तर 78 ची बाजू खाली घ्या. तिची खाच लाँग प्लेच्या जवळजवळ तिप्पट रुंद असते. आणि स्पिरिटची बाटली त्या खोलीतच ठेवू नका.