डिजिटल छायाचित्रांचा सांभाळ
सॉफ्टवेअर बदलले तरी आठवणी शाबूत राहाव्यात, यासाठी काही नियम

रोलच्या कॅमेऱ्यात साधारणतः छत्तीस छायाचित्रे निघत. मुंज किंवा लग्न आटोपले की रोल धुण्यासाठी स्टुडिओत जाई आणि निवडक छायाचित्रे अल्बममध्ये लावली जात. मोबाइलने ही मर्यादा संपवली. आज एका समारंभाची शेकडो छायाचित्रे सहज निघतात. मात्र ती नातेवाइकांचे मोबाइल, पेनड्राइव्ह, जुन्या संगणकाची हार्डडिस्क आणि व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप अशी विखुरलेली असतात. ती एकत्र आणून लावण्याचे काम छायाचित्र व्यवस्थापन सॉफ्टवेअर करते. परंतु छायाचित्रे लावणे आणि ती जपणे, ही दोन स्वतंत्र कामे आहेत.

पिकासाचा धडा

‘पिकासा’ हे सॉफ्टवेअर गुगलने २००४ मध्ये विकत घेतले व मोफत उपलब्ध करून दिले. संगणकातील छायाचित्रे शोधून तारखेनुसार मांडणारे, चेहरे ओळखणारे हे सॉफ्टवेअर घरोघरी पोहोचले. मात्र १५ मार्च २०१६ पासून गुगलने त्याचा पाठपुरावा थांबवला. मूळ छायाचित्रे संगणकात सुरक्षित होती. पण पिकासात रचलेले अल्बम आणि जतन न केलेले फेरबदल हे त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या नोंदींत होते. दुसऱ्या सॉफ्टवेअरला त्या नोंदी सहजी वाचता येत नव्हत्या. अनेक वर्षांच्या मांडणीची मेहनत त्यामुळे अडकून पडली.

‘गुगल फोटोज’ची सेवा मे २०१५ मध्ये सुरू झाली, तेव्हा ठरावीक दर्जाची छायाचित्रे अमर्याद व विनामूल्य ठेवता येत. १ जून २०२१ पासून ही सवलत बंद झाली आणि नवी छायाचित्रे खात्याच्या १५ जीबी मोफत जागेत मोजली जाऊ लागली. सॉफ्टवेअर असो वा महाजालावरील सेवा, तिच्या अटी बदलू शकतात, हे गृहीत धरूनच मांडणी करणे हिताचे.

माहिती फाइलमध्येच असावी

डिजिटल छायाचित्राच्या फाइलमध्ये चित्राबरोबर ‘एक्झिफ’ नावाची नोंद असते. छायाचित्र काढल्याची तारीख, वेळ, कॅमेऱ्याचे नाव आणि काही वेळा ठिकाणही तीत असते. व्यक्तींची नावे, प्रसंग व शीर्षक लिहिण्यासाठी ‘आयपीटीसी’ आणि ‘एक्सएमपी’ हे सर्वमान्य नमुने आहेत. या नमुन्यांत लिहिलेली माहिती फाइलबरोबर प्रवास करते आणि वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये वाचता येते.

विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर चालणारे ‘डिजिकॅम’ हे मोफत व मुक्तस्रोत सॉफ्टवेअर घरगुती संग्रहासाठी सोयीचे आहे. एकसारखी छायाचित्रे शोधणे, चेहरे ओळखणे, चुकीच्या तारखा दुरुस्त करणे ही कामे ते आपल्याच संगणकावर करते. माहिती केवळ सॉफ्टवेअरच्या नोंदींत न ठेवता फाइलमध्ये लिहिण्याचा पर्याय चालू आहे ना, हे मात्र सेटिंग्जमध्ये आधी पाहून घ्यावे.

व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेले छायाचित्र आकसते आणि त्यातील एक्झिफ नोंदही निघून जाते. त्यामुळे मूळ छायाचित्र हवे असल्यास ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावे. स्कॅन केलेल्या जुन्या छायाचित्रांवर बहुधा स्कॅनिंगची तारीख पडते. ती बदलून निदान मूळ वर्ष तरी नोंदवावे.

मांडणी कशी करावी?

सर्वप्रथम सगळी छायाचित्रे एका ठिकाणी आणावीत आणि काहीही पुसण्यापूर्वी त्यांची एक प्रत वेगळी काढून ठेवावी. वर्षाचे एक फोल्डर आणि त्यात प्रसंगांची फोल्डरे, ही रचना सर्वांत टिकाऊ ठरते. नावाची सुरुवात वर्ष, महिना, दिवस या क्रमाने करावी. उदाहरणार्थ, ‘२०२४-०५-१२ साखरपुडा नाशिक’. असे केल्याने फोल्डरे आपोआप कालक्रमाने लागतात आणि कोणतेही सॉफ्टवेअर नसले तरी हवा तो प्रसंग सापडतो.

नावे लिहिण्याचे काम मात्र लांबणीवर टाकू नये. सॉफ्टवेअर चेहरा दुसऱ्या चेहऱ्याशी जुळवू शकते. पन्नास वर्षांपूर्वीच्या छायाचित्रात आजोबांशेजारी उभे असलेले गृहस्थ कोण, हे त्याला ठाऊक नसते. ते सांगणारी मंडळी घरात आहेत, तोवरच त्यांच्याजवळ बसून नावे नोंदवून घ्यावीत.

तीन, दोन, एक

छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्यामुळे परिचित झालेला ‘३-२-१’ हा नियम सोपा आहे : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतील एक घराबाहेर. संगणकात एक, बाह्य हार्डडिस्कवर दुसरी आणि परगावच्या नातेवाइकाकडे किंवा ऑनलाइन सेवेत तिसरी, अशी विभागणी करता येते.

घराबाहेरच्या प्रतीचे महत्त्व महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि २०२१ मध्ये चिपळूण पुराच्या पाण्यात गेले. एकाच कपाटात ठेवलेल्या दोन प्रती अशा वेळी एकदमच भिजतात.

मोबाइल आणि ऑनलाइन खाते यांचा परस्पर मेळ, म्हणजेच ‘सिंक’, याला सुरक्षित प्रत समजू नये. गुगल फोटोजमध्ये बॅकअप झालेले छायाचित्र मोबाइलच्या त्या अ‍ॅपमधून पुसले, तर ते ऑनलाइन खात्यातूनही जाते. ‘ट्रॅश’मध्ये ते ६० दिवसच राहते. दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक गुगल खाते पुसले जाऊ शकते, असेही कंपनीचे धोरण आहे. घरातील वृद्धांच्या किंवा दिवंगत व्यक्तीच्या खात्यात छायाचित्रे असतील, तर ती वेळीच उतरवून घ्यावीत. ‘गुगल टेकआउट’द्वारे संपूर्ण संग्रह मिळतो. मात्र त्या सेवेत बदललेल्या तारखा व लिहिलेली वर्णने सोबतच्या ‘जेसन’ फाइलींत येतात. त्या फेकून देऊ नयेत.

शेवटचे काम पडताळणीचे. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईच्या वेळी, बाह्य हार्डडिस्क संगणकाला जोडावी, चार-दोन जुनी छायाचित्रे उघडून पाहावीत आणि वर्षभराची नवी भर तीत घालावी. हार्डडिस्क कुठे आहे आणि खात्याचा पासवर्ड काय, हे घरातील आणखी एका व्यक्तीला माहीत असावे.