हायलँड्समधील हरणांची शिकार : रायफल आणि चाकू कसे निवडतात?

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली अस्तित्वात आला आणि भारतात हरणाची शिकार हा गुन्हा ठरला. राधानगरी तालुक्यातील दाजीपूरचे जंगल एके काळी कोल्हापूरच्या छत्रपतींचे शिकारीसाठी राखून ठेवलेले रान होते. १९५८ मध्ये तेथे अभयारण्य झाले. मचाण, हाकारा आणि शिकारखाना हे शब्द आता आपल्याकडे जुन्या आठवणींतच उरले आहेत, आणि ते योग्यच आहे. जगात काही प्रदेश मात्र असे आहेत, की जेथे हरणांची शिकार कायदेशीर तर आहेच, शिवाय वनव्यवस्थापनाचा आवश्यक भाग मानली जाते. स्कॉटलंडचा हायलँड्स हा डोंगराळ मुलूख त्यांपैकी एक होय.

या डोंगरांत शिकारीसाठी रायफल आणि चाकू कोणत्या कसोट्यांवर निवडतात, हे पाहण्यासारखे आहे. दुकानातील काचेआड सर्वांत शक्तिमान दिसणारी रायफल आणि सर्वांत मोठे पाते असलेला सुरा या दोन्ही वस्तू डोंगरावर बहुधा निरुपयोगी ठरतात. पहिल्याच गोळीने जनावराला त्वरित मरण यावे आणि त्याचे मांस वाया जाऊ नये, या दोन जबाबदाऱ्यांभोवती येथील सारी निवड फिरते.

शिकार कशासाठी?

स्कॉटलंडमधील लांडगा अठराव्या शतकापर्यंत नामशेष झाला. त्यानंतर तेथील तांबड्या हरणाला (रेड डिअर) नैसर्गिक शत्रू उरला नाही. देशातील सर्व जातींच्या हरणांची संख्या १९९० मध्ये सुमारे ५ लाख होती; ती आता १० लाखांपर्यंत गेली असावी, असा तेथील सरकारचा अंदाज आहे. ही हरणे स्कॉट्स पाइन, बर्च, रोवन यांची कोवळी रोपे खाऊन टाकतात. त्यामुळे जुनी झाडे मरतात, पण त्यांची जागा घेणारी नवी झाडे उभी राहत नाहीत. कडक हिवाळ्यात अपुऱ्या चाऱ्यामुळे हरणेही उपासमारीने मरतात. म्हणून दर वर्षी ठराविक संख्येने हरणे मारली जातात आणि त्यांचे मांस बाजारात जाते. तांबड्या हरणाच्या मादीच्या शिकारीचा हंगाम २१ ऑक्टोबर ते १५ फेब्रुवारी असा आहे. नरांसाठी असलेला बंदीकाळ २०२३ मध्ये उठविण्यात आला.

येथे मचाणावर बसून वाट पाहण्याची पद्धत नाही. माग काढणारा वाटाड्या, म्हणजे 'स्टॉकर', पुढे आणि शिकारी मागे, असे दोघे तासन् तास डोंगर चढतात. हरणाला आपला वास लागू नये म्हणून वाऱ्याची दिशा सांभाळावी लागते. झाडे विरळ असल्याने शेवटचे काहीशे मीटर ओल्या हेदरच्या झुडपांतून आणि चिखलातून पोटावर सरपटत जावे लागते. शस्त्राची निवड या परिस्थितीतून ठरते.

कायद्याची किमान अट

तांबड्या हरणासाठी स्कॉटलंडच्या कायद्याने गोळीची ताकद निश्चित केली आहे. नळीतून सुटताना गोळीचा वेग सेकंदाला किमान २४५० फूट (सुमारे ७४७ मीटर) आणि ऊर्जा किमान १७५० फूट-पाउंड असली पाहिजे. गोळी शरीरात शिरल्यावर पसरणारी असणे बंधनकारक आहे. न पसरणारी गोळी अरुंद भोक पाडून आरपार जाते आणि जखमी जनावर दूरवर पळून जाऊन हाल होत मरते. गोळीचे किमान वजन पूर्वी १०० ग्रेन (सुमारे ६.५ ग्रॅम) होते, २०२३ च्या दुरुस्तीने ते ८० ग्रेनवर आणले गेले. त्याचे कारण पुढे येईल.

सेंटरफायर काडतुसांच्या अर्धस्वयंचलित रायफलींवर ब्रिटनमध्ये १९८८ पासून बंदी आहे. त्यामुळे शिकारीसाठी मुख्यतः 'बोल्ट ॲक्शन' रायफल वापरतात. तिच्यात प्रत्येक गोळीनंतर खटका हाताने मागे-पुढे करून नवे काडतूस नळीत आणावे लागते. यंत्रणा साधी, मजबूत आणि थंडी-पावसात भरवशाची असते.

कोणते काडतूस?

कायद्याची अट पूर्ण करणारी अनेक काडतुसे आहेत. .२४३ विंचेस्टर (१९५५) हे त्यांतील सौम्य धक्क्याचे काडतूस असल्याने नवशिक्यांना ते सोयीचे पडते. मात्र मोठ्या नरासाठी गोळी अचूक जागीच लागली पाहिजे. स्वीडन आणि नॉर्वे यांनी १८९० च्या दशकात सैन्यासाठी तयार केलेले ६.५ × ५५ हे काडतूस मध्यम धक्का आणि उत्तम भेदकता यांसाठी आजही लोकप्रिय आहे. .२७० विंचेस्टर (१९२५) वेगवान असल्याने त्याच्या गोळीचा मार्ग अधिक सपाट असतो. परंतु आवाज आणि धक्का दोन्ही तीव्र असतात. .३०८ विंचेस्टर (१९५२) सर्वत्र मिळते आणि त्यात गोळ्यांचे वैविध्य मोठे आहे.

भारतीय वाचकाला .२७५ रिग्बी हे नाव परिचित असेल. चंपावतची नरभक्षक वाघीण १९०७ मध्ये मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यांना याच काडतुसाची रायफल भेट मिळाली होती. मूळचे हे जर्मनीचे १८९२ मधील ७ × ५७ माउझर काडतूस. लंडनच्या रिग्बी कंपनीने त्याला आपले नाव दिले आणि स्कॉटलंडच्या डोंगरांतही ते रुळले.

यांपैकी कोणत्याही काडतुसाने काम होते. यांहून जास्त शक्तीची 'मॅग्नम' काडतुसे घेण्याचा मोह मात्र टाळावा, असे जाणकार सांगतात. खांद्याला जोराचा धक्का बसणार या भीतीने शिकारी चाप ओढण्याच्या क्षणी नकळत दचकतो आणि नेम हलतो. पोटात लागलेली शक्तिमान गोळी ही छातीत लागलेल्या साध्या गोळीपेक्षा केव्हाही वाईट.

वजन, दस्ता आणि दुर्बीण

दिवसभराच्या चढणीत हलकी रायफल हवीशी वाटते. पण रायफल जितकी हलकी तितका तिचा धक्का जास्त, आणि धापा टाकणाऱ्या माणसाच्या हातात ती तितकीच अस्थिर. दुर्बिणीसह साधारण साडेतीन ते चार किलो वजन हा यातील मध्यममार्ग आहे. नळी फार लांब असल्यास सरपटताना अडते. म्हणून २० ते २२ इंचांची नळी सोयीची. नळीच्या तोंडाशी ध्वनिरोधक बसविण्याची पद्धत ब्रिटनमध्ये सर्रास आहे. त्याने शिकाऱ्याच्या कानांचे रक्षण होते आणि धक्काही कमी बसतो.

अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता देखणा असतो. परंतु पावसाळ्यात कोकणातील घरांची दारे फुगतात, तसे ओलाव्याने लाकूडही फुगते. दस्त्याचा दाब नळीवर आला की सकाळी बरोबर असलेला नेम दुपारी चुकू शकतो. म्हणून सततच्या पावसात कृत्रिम पदार्थाचा दस्ता आणि न गंजणाऱ्या पोलादाची नळी अधिक भरवशाची ठरते.

दुर्बिणीवर पैसे वाचवू नयेत, हा येथील जुना सल्ला आहे. सहापट मोठे दाखविणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची साधी दुर्बीण अनेक दशके पुरेशी ठरली आहे. धुके आणि मावळता प्रकाश यांत स्पष्ट दिसणे आणि धक्के बसूनही नेम न सरकणे, या दोन गोष्टी महत्त्वाच्या. डोंगरावर जाण्यापूर्वी पाहुण्या शिकाऱ्याला लक्ष्यफलकावर गोळी झाडून दाखवावी लागते. त्यात रायफलीची तपासणी होते, तशी शिकाऱ्याचीही.

उताराचे गणित

सपाटीवरच्या सरावाला डोंगरात फसवणारी एक गोष्ट म्हणजे उतार. गुरुत्वाकर्षणामुळे गोळी किती खाली येईल, हे मुख्यतः आडव्या अंतरावर अवलंबून असते. समजा, हरीण ३० अंशांच्या उतारावर २०० मीटर दूर आहे. त्याचे आडवे अंतर सुमारे १७३ मीटरच भरते. उतार ४५ अंशांचा असल्यास ते १४१ मीटर होते. त्यामुळे नेम वर धरला असो वा खाली, गोळी अपेक्षेपेक्षा थोडी वरच लागते. नेहमीच्या अंतरावर हा फरक अल्प असतो. अंतर वाढले की तो जाणवू लागतो.

अंतराचेही तसेच. १०० मीटरवर नेम जुळविलेल्या .३०८ रायफलीची गोळी २०० मीटरवर साधारण ३ ते ४ इंच खाली जाते. ३०० मीटरवर ती सुमारे एक फूट किंवा त्याहून अधिक खाली येते, आणि डोंगरातील वारा तिला बाजूला ढकलतो तो वेगळाच. हृदय आणि फुप्फुसे सामावणारा छातीचा भाग जेमतेम वीतभर रुंदीचा असतो. ब्रिटनमधील 'डिअर स्टॉकिंग सर्टिफिकेट' या परीक्षेच्या पहिल्या पातळीवर सुमारे १०० मीटरवरून ३ गोळ्या ४ इंचांच्या वर्तुळात मारून दाखवाव्या लागतात. जवळ सरकत जाण्याचे कौशल्य म्हणूनच दूरच्या नेमबाजीपेक्षा श्रेष्ठ मानले जाते.

आणखी एक नियम कधीही मोडायचा नसतो. कड्याच्या माथ्यावर, आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभ्या असलेल्या हरणावर गोळी झाडायची नाही. रायफलीची गोळी काही किलोमीटर जाऊ शकते आणि पलीकडच्या खोऱ्यात कोण आहे, हे दिसत नाही. हरणामागे मातीचा उतार हवाच.

शिसे की तांबे?

परंपरेने शिकारीच्या गोळीचा गाभा शिशाचा असतो. हरणाला लागताच त्याचे बारीक कण जखमेभोवतीच्या मांसात पसरतात. शिसे विषारी असून लहान मुलांना आणि गर्भवतींना त्याचा धोका अधिक. गरुडासारखे पक्षी डोंगरावर टाकलेली आतडी खातात, त्यांच्याही पोटात ते जाते. त्यामुळे तांब्याच्या गोळ्यांकडे कल वाढला आहे. तांबे शिशापेक्षा हलके असल्याने त्याच आकाराची गोळी कमी वजनाची होते. वजनाची अट २०२३ मध्ये शिथिल झाली ती याचसाठी. शिकारीतील शिशाच्या दारूगोळ्यावर टप्प्याटप्प्याने बंदी आणण्याचा निर्णय ब्रिटिश सरकारने जुलै २०२५ मध्ये जाहीर केला. नवी रायफल घेणाऱ्याने ती तांब्याच्या गोळ्या अचूक मारते का, हे आधी तपासणे शहाणपणाचे आहे.

चाकू : लहान पाते, स्वच्छ धार

हरीण पडल्यावर चाकूचे काम सुरू होते. जनावर मेल्याची खात्री करून त्याची आतडी व जठर जागेवरच काढतात. या कामाला 'ग्रॅलॉक' असे मूळचे गेलिक नाव आहे. विलंब झाल्यास पोटात वायू धरतो, जंतू वाढतात आणि मांस खराब होते. शिवाय शंभर किलोच्या आसपास वजनाचा नर डोंगराखाली न्यायचा, तर भार कमी होणेही गरजेचे असते. पूर्वी हे ओझे 'गॅरॉन' जातीच्या तट्टांवर येई. आता बहुतेक ठिकाणी आठ चाकांची वाहने वापरतात.

या कामाला साडेतीन ते चार इंचांचे पाते पुरते. याहून लांब पात्याचे टोक पोकळीत नीट सांभाळता येत नाही आणि आतडे फुटल्यास सारे मांस नासते. पोटाची कातडी कापताना धार वर ठेवतात आणि दुसऱ्या हाताची दोन बोटे टोकाच्या दोन्ही बाजूंनी आतडी दाबून धरतात.

घडीच्या चाकूपेक्षा एकसंध चाकू बरा, कारण घडीच्या सांध्यात रक्त आणि चरबी अडकून जंतूंना घर मिळते. मूठ रबरी किंवा खडबडीत असावी. रक्ताने माखलेल्या, गारठलेल्या हातातून गुळगुळीत मूठ सटकते. मुठीचा रंग भडक नारिंगी असल्यास हेदरमध्ये पडलेला चाकू सापडतो. कातडी म्यानात रक्त मुरते. धुता येणारे प्लॅस्टिकचे म्यान बरे. न गंजणारे पोलाद देखभालीला सोपे, तर कार्बन पोलादाला धार चटकन लागते पण ते लवकर गंजते. छातीचे हाड कापण्यासाठी लहान करवत वेगळी ठेवावी. चाकूने हाड तोडू गेल्यास धार जाते आणि हातही कापतो. सोबत रबरी हातमोजे हवेत. हरणांच्या अंगावरील गोचिडांमुळे लाइम रोग होऊ शकतो.

हायलँड्सच्या पारंपरिक पोशाखात मोज्यात खोचलेला 'स्गिअन दू' हा छोटा चाकू दिसतो. तो आज मुख्यतः शोभेचा आहे. ब्रिटनमध्ये ३ इंचांपर्यंत पात्याचा, पाते न अडकणारा घडीचा चाकू सोडून इतर चाकू सार्वजनिक ठिकाणी बाळगायला सबळ कारण लागते. म्हणून शिकारीचा चाकू डोंगरावरच कमरेला लावावा, परतीच्या वाटेवर गावात नव्हे.

परवाना

रायफलीसाठी पोलिसांकडून 'फायरआर्म सर्टिफिकेट' घ्यावे लागते. शस्त्र बाळगण्याचे योग्य कारण आणि ते कुलूपबंद ठेवण्याची सोय दाखविल्याशिवाय ते मिळत नाही. परदेशी पाहुण्याने स्वतःची रायफल आणायची असल्यास ब्रिटनमधील रहिवाशामार्फत अभ्यागत परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. अनेक जण तेथील जमीनमालकाची रायफल त्याच्या किंवा त्याच्या सेवकाच्या देखरेखीखाली वापरणे पसंत करतात.

गोळीचा वेग, ऊर्जा, वजन यांची किमान मर्यादा कायदा ठरवून देतो. कमाल अंतर किती, हे मात्र शिकाऱ्यालाच ठरवावे लागते. वारा बदलला, हरीण वळले, धाप अजून शमली नाही, अशा वेळी चापावरचे बोट काढून घेणे आणि रिकाम्या हाताने डोंगर उतरणे, याला स्टॉकर अपयश मानत नाहीत. जखमी होऊन कड्यापलीकडे निसटलेले हरीण हेच त्यांच्या लेखी खरे अपयश.