तळ्याभोवतीचा रस्ता

परवा वीकेंडला एक जुनं निकालपत्र वाचत बसलो होतो. मुंबई हायकोर्ट, १७ मार्च १९३७, नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर. (हो, शनिवारी दुपारी लोक सिनेमाला जातात, माहीत आहे!) न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी त्यात महाडच्या चवदार तळ्याचं वर्णन केलंय. चार-पाच एकरांचं तळं, काही नैसर्गिक, काही बांधून काढलेलं, निदान अडीचशे वर्षं जुनं. आणि मग येतं एक अगदी कोरडं वाक्य: तळ्याच्या चारही बाजूंनी नगरपालिकेचे रस्ते आहेत, रस्त्यांपलीकडे सवर्ण हिंदूंची आणि थोडी मुसलमानांची घरं आहेत.

मी त्या रस्त्यांवरच अडकलो. चवदार तळं म्हटलं की आपल्याला पाणी आठवतं, ओंजळ आठवते. रस्ता आठवत नाही. पण रस्ता नगरपालिकेचा, तळंही नगरपालिकेचं. रस्त्यावरून पाणी दिसायचं, चार पायऱ्या उतरल्या की हाताला लागलं असतं. त्या पायऱ्यांशी मात्र काही माणसांसाठी 'सार्वजनिक' हा शब्द संपायचा.

हल्ली लहान शहरांत मुलांना शाळेत चालत किंवा सायकलवर सुखरूप जाता यावं, यावर बरंच बोललं जातं. फुटपाथ, झेब्रा क्रॉसिंग, शाळेसमोर स्पीडब्रेकर वगैरे. छानच आहे. पण ही गोष्ट आपल्याकडे झेब्राच्या पट्ट्यांपासून सुरू होत नाही. ती महाडपासून सुरू करावी असं मला वाटतं, कारण तिथे आधीचा प्रश्न विचारला गेला होता: सगळ्यांच्या पैशातून बांधलेल्या वाटेवर, शाळेत, पाणवठ्यावर पाय ठेवायचा हक्क कोणाचा?

आणि तो प्रश्न मोठ्यांच्या आधी एका शाळकरी पोरामुळे उभा राहिला होता.

रामचंद्र बाबाजी मोरे. जन्म १९०३, महाडजवळचं लाडवली गाव, बालपण दासगावात. पोरगा हुशार, स्कॉलरशिपच्या परीक्षेत पास झाला. पुढे शिकायचं तर महाडच्या इंग्रजी शाळेत जायला हवं. शाळेने नाकारलं, कारण जात. वय असेल अकराच्या आसपास. या पोराने गप्प न बसता लेखी तक्रार केली, प्रकरण वाढलं आणि शेवटी त्याला प्रवेश मिळाला. पण कसा? वर्गाबाहेर बसून शिकायचं. म्हणजे ॲडमिशन झाली, ॲक्सेस नाही!

याच मोऱ्यांनी पुढे महाडात चहाचं दुकान टाकलं. बाजाराला, कोर्टकचेरीच्या कामाला खेड्यांतून येणाऱ्या अस्पृश्यांना गावात प्यायला पाणी मिळत नसे, म्हणून. दुकान हळूहळू बैठकीची जागा झालं. पलटणीतून निवृत्त झालेले शिपाई, पेन्शनर तिथे येऊन बसू लागले. १९२७ ची महाड परिषद भरवण्याच्या खटपटीत मोरे पुढे होते. नंतर ते कम्युनिस्ट पक्षात गेले. ती एक वेगळीच आणि वाचण्यासारखी कहाणी आहे, पुन्हा कधीतरी.

बाबासाहेबांनीही आपल्या लहानपणची एक वाट लिहून ठेवली आहे, 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये. १९०१ साल. नऊ-दहा वर्षांचा भीमराव, त्याचा भाऊ आणि बहिणीचे मुलगे वडिलांना भेटायला निघाले. वडील खटाव तालुक्यात खजिनदाराच्या कामावर होते. मसूर स्टेशनवर पोरं उतरली, घ्यायला कोणी आलेलं नाही. जात कळल्यावर गाडीवाले तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडं आणि गाडी पोरांनीच हाकायची, गाडीवान बाजूने चालणार, या अटीवर बैलगाडी मिळाली. सोबत डबा होता, पण घोटभर पाणी मिळेना म्हणून जेवता येईना. रात्री टोलनाक्याच्या झोपडीशी पोरांनी आम्ही मुसलमान आहोत असं सांगून पाणी मागितलं, तरी मिळालं नाही. आणि वडील तिथे कशासाठी होते? दुष्काळी कामावर सरकार तलाव खोदत होतं म्हणून. हे वाचून मी पुस्तक थोडा वेळ बाजूला ठेवलं होतं.

आता कायद्याकडे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे मंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला: सरकारी पैशातून बांधलेले वा चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले. शाळा आणि पाणवठा एकाच यादीत आहेत, हे लक्षात घ्या. मोऱ्यांसारख्या पोराच्या दृष्टीने ती एकच वाट होती. महाड नगरपालिकेनेही ५ जानेवारी १९२४ ला तळं खुलं केल्याचा ठराव केला. सुरबा नाना टिपणीस नगराध्यक्ष होते, सुधारक माणूस. आणि पुढे तीन वर्षं काय झालं? काहीही नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर कॉन्फिग फाइल बदलली, सर्व्हर कोणी रीस्टार्टच केला नाही. :)

रीस्टार्ट झाला २० मार्च १९२७ ला. परिषदेसाठी जमलेल्या लोकांना पाणी पुरवायला चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं होतं, महाडसारख्या पाणीदार गावात! दुसऱ्या दिवशी हजारो माणसं ओळीने, शांतपणे, भर गावातून तळ्यापर्यंत चालत गेली. बाबासाहेबांनी पाणी प्यायलं, मग सगळ्यांनी.

आपल्या पाठ्यपुस्तकात गोष्ट साधारण इथे थांबते. मला महत्त्वाचा वाटतो तो परतीचा रस्ता. आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी अफवा गावात उठली. लाठ्या घेऊन जमाव बाहेर पडला. काही लोक मंडपात जेवत होते, काही बायकापोरांसह आपापल्या गावाकडे निघाले होते. त्यांना मंडपात आणि रस्त्यांवर गाठून मारलं. अनेकांना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला. तळ्यावर कोणी अडवलं नाही. मार पडला तो घरी जाताना. नंतर शेणगोमूत्र, दूध, दही घातलेल्या १०८ घागरी ओतून तळं 'शुद्ध' करण्यात आलं. आणि ४ ऑगस्ट १९२७ ला, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षं झाली त्या दिवशी, नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. तारखेचा योगायोगच असावा.

मग दावा. डिसेंबर १९२७ मध्ये सवर्णांनी कोर्टात जाऊन तळं खाजगी असल्याचं सांगितलं आणि तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. निकाल लागायला जवळजवळ दहा वर्षं गेली. मालकीचा दावा खालच्या कोर्टांतच टिकला नाही. हायकोर्टापुढे उरली रूढी: अनादि काळापासून अस्पृश्य इथे पाणी भरत नव्हते, हे सिद्ध होतं का? कोर्ट म्हणालं, नाही. आणि तिथेच थांबलं. अशी रूढी सार्वजनिक हिताच्या विरुद्ध आहे का, यात शिरण्याची गरज नाही, असं म्हणून तो मुद्दा सोडून दिला. वाचताना थोडी निराशाच होते. त्याहून गंमत म्हणजे ज्या नगरपालिकेचं तळं, ती त्या दाव्यात पक्षकारच नव्हती! गाव भांडतंय आणि मालक गैरहजर.

हा गैरहजर मालक आजच्या रस्त्यावरही भेटतो, म्हणून हे सगळं सांगत बसलो. जातीची हिंसा आणि भरधाव ट्रक यांची बरोबरी मला करायची नाही, ती करूच नये. पण 'सार्वजनिक आहे, पण तुझ्यासाठी नाही' हे वाक्य चालणाऱ्या पोराला आजही रस्ता ऐकवतोच. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यात पायी चालणारे ३२,८२५ आणि अठरा वर्षांखालची मुलं ९,५२८. शिक्षण हक्काच्या नियमांनी पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत ठरवून दिली. हे अंतर चालायचंच आहे. मधला रस्ता कसा असावा, याची जबाबदारी मात्र त्या नियमांत कोणावरच नाही.

हॉलंडची सायकल आपल्याला फार आवडते, पण ती तिथे संस्कृती वगैरेतून आपोआप आलेली नाही. १९७१ साली त्या चिमुकल्या देशात अपघातांत सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यात चारशेहून जास्त मुलं. फिक लांगेनहॉफ या पत्रकाराची लहान मुलगी सायकलवरून शाळेत जाताना गाडीखाली गेली. त्याने १९७२ मध्ये जो लेख लिहिला त्याचं नावच 'बालहत्या थांबवा'. त्यातून उभ्या राहिलेल्या चळवळीत आईबाप आणि मुलं रस्त्यावर टेबलं मांडून बसली, धोक्याचे चौक अडवले. थोडक्यात, आधी माणसं रस्त्यावर उतरली, पट्टे नंतर आले. महाडची आठवण होते की नाही?

आपल्याकडे १४ मे २०२५ रोजी सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पादचाऱ्याला फुटपाथ मिळणं हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३८ (१अ) घातलं गेलं होतं, पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी राज्यांनी नियम करावेत म्हणून. ऑक्टोबर २०२५ मध्ये कोर्टाला राज्यांना पुन्हा सांगावं लागलं की हे नियम सहा महिन्यांत करा. म्हणजे कलम आल्यापासून सहा वर्षं. महाडच्या ठरावाला तीन लागली होती, तीही माणसं स्वतः चालत गेली म्हणून.

मुंबई-गोवा हायवेने कोकणात जाताना आपण महाडला वळत नाही, चहा हायवेवरच होतो. पुढच्या वेळी वळा. सकाळी शाळा भरायच्या सुमाराला पोचा, तळ्याभोवतीच्या रस्त्याने एक फेरी मारा आणि दप्तरवाली पोरं रस्ता कुठून आणि कशी ओलांडतात ते बघा. फोटो काढलात तर पाठवा.