दीघावूची तलवार आणि लंकेतील शांतिकार्य

विनयपिटकातील महावग्गात दीघावू राजकुमाराची कथा आली आहे. कोसंबीचे भिक्खू आपसांत भांडू लागले तेव्हा भगवंतांनी ती त्यांना सांगितली. काशीचा राजा ब्रह्मदत्त याने कोसलाचा राजा दीघीती याचे राज्य हिरावून घेतले. पुढे वाराणसीत वेषांतर करून राहणाऱ्या त्या राजा-राणीस पकडून, नगरातून धिंड काढून ठार करविले. मृत्यूच्या वाटेवर पित्याने गर्दीत उभ्या असलेल्या पुत्रास सूडाचा मार्ग न धरण्याची शिकवण दिली. कालांतराने हाच दीघावू ब्रह्मदत्ताचा विश्वासू सेवक झाला. एके दिवशी अरण्यात राजा त्याच्या मांडीवर डोके ठेवून झोपी गेला. दीघावूने तीन वेळा तलवार उपसली आणि पित्याचे शब्द आठवून तीन वेळा म्यान केली. जागृत झालेल्या राजाने व त्याने परस्परांस जीवदान दिले. आणि त्यानंतर ब्रह्मदत्ताने दीघावूस त्याच्या पित्याचे सैन्य, प्रदेश, कोश आणि कोठारे परत केली.

या कथेतील तलवार म्यान करण्याचा प्रसंग धम्मप्रवचनांतून वारंवार सांगितला जातो. राज्य परत करण्याचा प्रसंग मात्र बहुधा गाळला जातो. आमच्या मते कथेचा अर्थ या दोन्ही प्रसंगांत मिळून आहे. दहशतवादाला समाजाने संयमाने व सहिष्णुतेने कसे सामोरे जावे, या प्रश्नाचा विचार याच दृष्टीने करावयास हवा. त्यासाठी श्रीलंकेचा इतिहास आम्ही येथे घेतला आहे. लंका हा आपल्या आदराचा देश आहे. महाबोधी सोसायटीचे संस्थापक अनागारिक धर्मपाल तेथील होते. जागतिक बौद्ध परिषदेच्या निमित्ताने १९५० साली पूज्य बाबासाहेब कँडीस गेले होते. परंतु आदर आहे म्हणून दोषांकडे डोळेझाक करणे बाबासाहेबांच्या अनुयायांस शोभणारे नाही.

लंकेत काय हिरावले गेले होते, हे प्रथम पाहू. १९४८ मध्ये देश स्वतंत्र होताच चहाच्या मळ्यांत राबणाऱ्या भारतीय वंशाच्या लक्षावधी तमिळांचे नागरिकत्व गेले. १९५६ च्या कायद्याने सिंहली हीच एकमेव राजभाषा ठरली. तमिळभाषक आपल्याच देशाच्या कचेरीत परका झाला. १९५८ मध्ये तमिळांविरुद्ध मोठी दंगल उसळली. १९८१ मध्ये जाफन्याचे सार्वजनिक ग्रंथालय जाळण्यात आले आणि सुमारे सत्त्याण्णव हजार ग्रंथ व हस्तलिखिते नष्ट झाली. सनदशीर मार्गाने काही मिळत नाही, असे मानणारे तरुण शस्त्राकडे वळले. त्यांतून वाढलेल्या तमिळ वाघांनी पुढे आत्मघातकी हल्ले केले, मुलांच्या हाती बंदुका दिल्या आणि ऑक्टोबर १९९० मध्ये उत्तरेतील हजारो मुसलमानांना घरादारांतून हुसकून लावले. मूळ अन्याय खरा होता म्हणून ही कृत्ये क्षम्य ठरत नाहीत.

२३ जुलै १९८३ रोजी जाफन्याजवळ वाघांनी तेरा सैनिकांना ठार केले. दुसऱ्या दिवसापासून कोलंबो पेटले. मतदार याद्या हाती घेऊन टोळ्या तमिळांची घरे व दुकाने शोधीत हिंडल्या. वेलिकडे तुरुंगात दोन हल्ल्यांत त्रेपन्न तमिळ कैदी मारले गेले. मृतांचा सरकारी आकडा चारशेच्या आत राहिला. इतर अंदाज तीन हजारांपर्यंत जातात. राष्ट्राध्यक्ष जे. आर. जयवर्धने २८ जुलैला राष्ट्राला उद्देशून बोलले, पण पीडित तमिळांसाठी सहानुभूतीचा शब्द त्यांच्या मुखातून निघाला नाही. याच जयवर्धने यांनी १९५१ साली सॅन फ्रान्सिस्को येथील परिषदेत भगवंतांच्या अवैराच्या उपदेशाचा हवाला देऊन जपानकडून नुकसानभरपाई घेण्याचे नाकारले होते. दूरच्या शत्रूला जे वचन लागू केले, ते शेजारच्या नागरिकाला लागू करता आले नाही.

अशा वेळी जे थोडे लोक उभे राहिले, त्यांत डॉ. ए. टी. अरियरत्ने (१९३१–२०२४) यांच्या सर्वोदय श्रमदान चळवळीचे कार्यकर्ते होते. सर्वोदय हा शब्द वाचून आमच्या काही वाचकांच्या कपाळी आठी पडेल. शब्द गांधीजींचा आहे, हे खरे. अरियरत्ने यांनी मात्र त्याचा अर्थ सर्वांची जागृती असा केला आणि त्याला बौद्ध अधिष्ठान दिले. चळवळीचा आरंभ कोठे झाला, हेही पाहिले पाहिजे. डिसेंबर १९५८ मध्ये, कोलंबोच्या नालंदा कॉलेजातील हा तरुण शिक्षक आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन कनतोलुवा या रोडिया जातीच्या वस्तीत श्रमदानास गेला. रोडिया ही सिंहली समाजातील बहिष्कृत जात. पूर्वी त्यांच्या स्त्री-पुरुषांना कमरेवर वस्त्र घेण्याचीही मनाई होती. बुद्धाच्या देशातही जात शिल्लक होती, आणि ती मोडण्याच्या प्रयत्नातून ही चळवळ जन्मली.

दान, प्रियवचन, अर्थचर्या आणि समानात्मता ही चार संग्रहवस्तू तथागतांनी सांगितली आहेत. अरियरत्ने यांनी त्यांना गावच्या व्यवहाराचे नियम बनविले. त्यांतील समानात्मतेची, म्हणजे दुसऱ्यास आपल्या बरोबरीचा मानण्याची, कसोटी १९८३ मध्ये लागली. कार्यकर्त्यांनी निर्वासित तमिळांसाठी छावण्या उभारण्यास हात लावला, अन्नवस्त्र पुरविले. ऑक्टोबरमध्ये कोलंबोत विविध धर्मांच्या व समाजांच्या प्रतिनिधींची परिषद भरवून राष्ट्रीय शांतता व सलोख्याचा जाहीरनामा प्रसृत केला. डिसेंबरमध्ये दक्षिणेतील कतरगामापासून उत्तरेतील नागदीपापर्यंत शांतियात्रा निघाली. पण ती पुढे नेऊ नये असा आग्रह राष्ट्राध्यक्षांनी धरल्याने ती आरंभीच थांबवावी लागली. शांततेसाठी चालणाऱ्यांचे सरकारला ओझे वाटावे, यातच त्या काळाची स्थिती दिसते.

शांततेचे आवाहन अन्यायग्रस्ताला करणे सोपे असते. संख्येने व सत्तेने प्रबळ असलेल्या आपल्याच समाजाला ते करणे कठीण. अरियरत्ने यांनी हे कठीण काम पत्करले आणि त्याबद्दल स्वकीयांचा रोष ओढवून घेतला. पुढील वर्षांत हे काम अधिकच अवघड झाले. मे १९८५ मध्ये अनुराधपुरात, श्रीमहाबोधीच्या परिसरातही, वाघांनी गोळीबार करून सुमारे दीडशे निरपराध माणसे मारली. जून १९८७ मध्ये अरंतलावा येथे बस अडवून तेहतीस भिक्खूंची कत्तल झाली. त्यांत बहुतेक कोवळ्या वयाचे श्रामणेर होते. जानेवारी १९९८ मध्ये कँडीच्या दंतधातु मंदिरावर बॉम्बहल्ला झाला. बोधिवृक्षाच्या छायेत रक्त सांडल्यावरही सूड नको असे म्हणणे, याला काय धैर्य लागत असेल, ते वाचकांनीच ठरवावे.

सूडाचे समर्थन करणाऱ्यांना आधारही परंपरेतूनच मिळत होता. महावंसात दुट्ठगामणी राजा युद्धातील संहाराने खिन्न होतो, तेव्हा अर्हत त्याचे सांत्वन करतात: शरण गेलेला एक आणि पंचशील घेतलेला एक, म्हणजे दीडच माणूस मेला, उरलेले पशुवत्. आम्ही निःसंदिग्धपणे म्हणतो की हा बुद्धवचनाशी विसंगत विचार आहे. माणसाच्या माणूसपणाचे मोजमाप करणारी ही भाषा आपल्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या वेगळ्या शब्दांत ऐकली आहे. ती पालि भाषेत आली म्हणून धम्म होत नाही.

येथे बाबासाहेबांचे विवेचन मार्गदर्शक ठरते. अहिंसा हा नियम नसून तत्त्व आहे, आणि हत्या करण्याची इच्छा व हत्येची गरज यांत भेद केला पाहिजे, असे त्यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मांडले आहे. सशस्त्र हल्लेखोराला रोखणे हे राज्याचे कर्तव्य असू शकते. परंतु हल्लेखोराच्या भाषेचा, धर्माचा वा जातीचा म्हणून निःशस्त्र शेजाऱ्याचे घर जाळणे, यात गरज कोणतीच नाही. आहे ती केवळ इच्छा. समाजकार्यकर्त्याचे काम नेमके या इच्छेच्या आड उभे राहण्याचे आहे.

२००२ च्या युद्धविरामानंतर सर्वोदयने सिंहली व तमिळ गावे जोडण्याचा उपक्रम हाती घेतला. दक्षिणेतील तरुणांनी उत्तर व पूर्वेच्या गावांत जाऊन घरे, विहिरी, शौचालये दुरुस्त करावीत आणि तेथील कुटुंबांच्या घरी राहावे, अशी त्याची रीत होती. कनतोलुवाचाच हा विस्तार होता. तरीही युद्ध टळले नाही. मे २००९ मध्ये ते संपले तेव्हा अखेरच्या महिन्यांत चाळीस हजारांपर्यंत नागरिक मेले असावेत, अशी शक्यता संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये नोंदविली. २१ एप्रिल २०१९ रोजी चर्च व हॉटेलांवर आत्मघातकी हल्ले होऊन अडीचशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, तेव्हा पुढच्याच महिन्यात जमाव निरपराध मुसलमानांच्या दुकानांवर तुटून पडला. १९८३ चा धडा पुरता शिकला गेला नव्हता.

मग हे कार्य व्यर्थ गेले काय? आम्हांस तसे वाटत नाही. परंतु त्याची मर्यादा सांगितली पाहिजे. अंतःकरणाच्या जागृतीवर चळवळीने जेवढा भर दिला, तेवढा सत्तेच्या वाटपावर दिला नाही, हा टीकाकारांचा आक्षेप निराधार नाही. १९८७ च्या घटनादुरुस्तीने तमिळलाही राजभाषेचे स्थान मिळाले आणि प्रांतिक परिषदा आल्या. पण त्या आधीची एकतीस वर्षे वाया गेली होती. तलवार म्यान करणे हे दीघावूचे काम होते. राज्य परत करणे ब्रह्मदत्ताचे. कार्यकर्ते पहिले काम करू शकतात, करवून घेऊ शकतात. दुसरे काम राज्यकर्त्यांनी व बहुसंख्य समाजाने केले नाही, तर पीडिताकडे सहिष्णुता मागण्याचा अधिकार त्यांना उरत नाही.

आपल्यापैकी जे विहारांतून, वस्त्यांतून समाजकार्य करीत आहेत, त्यांच्यापुढेही कधी असा प्रसंग येईल. तेव्हा जमावाच्या आड उभे राहावे, आणि जमाव पांगल्यावर घरी न जाता हिरावलेले परत देण्याची मागणीही करावी. महावग्गातील कथा या दोन्ही गोष्टींनी पुरी होते.