कुटुंब समुपदेशन : सिद्धांत, उपचारपद्धती आणि मर्यादा

पती-पत्नीमधील बेबनाव हा केवळ दोन व्यक्तींच्या दोषांचा हिशेब नसून संपूर्ण कुटुंबातील परस्परसंबंधांचा प्रश्न असतो, ही कुटुंब समुपदेशनाची मूळ धारणा होय. भारतात या विचाराला कायद्याचेही अधिष्ठान आहे. कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ च्या कलम ९ नुसार, प्रकरणाच्या स्वरूपानुसार शक्य असेल तेथे प्रथम समेटाचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्य ठरते. कलम ६ मध्ये समुपदेशकांची तरतूद आहे. भोपाळच्या कुटुंब न्यायालयालाही हाच कायदा लागू आहे.

या क्षेत्रातील प्रमुख सिद्धांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत आकाराला आले. मरे बोवेन यांनी ‘त्रिकोण’ ही संकल्पना मांडली. दोघांमधील ताण असह्य झाला की तिसरी व्यक्ती त्यात ओढली जाते. सासू-सुनेच्या वादात मध्ये सापडलेला मुलगा, किंवा आईवडिलांच्या भांडणात निरोप्या झालेले मूल, ही त्याची आपल्याकडील परिचित उदाहरणे. साल्वादोर मिनुचिन यांनी कुटुंबातील सीमारेषांवर भर दिला. या रेषा फार पुसट झाल्या तर हस्तक्षेप वाढतो, फार ताठर झाल्या तर दुरावा. व्हर्जिनिया सॅटिर यांनी संवादाच्या सवयींना केंद्रस्थानी ठेवले. जॉन गॉटमन यांनी सततची टीका, तुच्छता, बचावाचा पवित्रा आणि संवादच तोडणारा अबोला ही विवाह खचत असल्याची चार लक्षणे सांगितली. स्यू जॉन्सन यांची भावनाकेंद्री पद्धती रागाआड दडलेली एकाकीपणाची भीती शोधते, तर बोधात्मक वर्तनोपचार जोडीदाराविषयीचे ठाम गैरसमज तपासून पाहतो.

मात्र या पद्धतींना एक पूर्वअट आहे : दोघांनाही निर्भयपणे बोलता आले पाहिजे. जेथे मारहाण वा धाक आहे, तेथे दोघांना समोरासमोर बसविल्यास खरे बोलणाऱ्या स्त्रीलाच घरी गेल्यावर त्याची किंमत मोजावी लागू शकते. घरगुती हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ च्या कलम १४ मध्ये समुपदेशन एकत्रित किंवा स्वतंत्रपणे करण्याची मुभा आहे, ती यादृष्टीने महत्त्वाची. भोपाळमध्ये २०१४ साली जयप्रकाश रुग्णालयाच्या आवारात सुरू झालेल्या ‘गौरवी’ या केंद्रात वैद्यकीय, कायदेशीर आणि मानसिक मदत एकाच छताखाली देण्याची कल्पना याच गरजेतून पुढे आली.

समेट हे समुपदेशनाचे एक फलित असू शकते, एकमेव उद्दिष्ट नव्हे. सन्मानाने विभक्त होणाऱ्या दांपत्याच्या मुलांना निरोप्याच्या भूमिकेतून मुक्त करणे, हेही त्याचेच यश मानले जाते.