लुटल्या गेलेल्याचे देणे

दक्षिणेतला मनुष्य काशीयात्रेस निघे, तेव्हा घरच्यांच्या निरोपात आनंदाइतकीच धास्ती असे. देण्याघेण्याची निरवानिरव करून, मुलाबाळांना वडीलधाऱ्यांच्या हवाली करून तो उंबरठा ओलांडी. पुढे महिनोन् महिने त्याची वार्ता नसे. तो परत आला, गंगेची कावड सुखरूप घरी पोचली, म्हणजे मावंदे घालावयाचे आणि गाव जेवू घालावयाचा. या मावंद्यात पुण्यप्राप्तीचा संतोष होताच. पण मनुष्य धडधाकट परत आला, हा संतोष त्याहून लहान नव्हता. सातपुडा आणि विंध्य ओलांडून जाणारी ती वाट चोर, दरोडेखोर, पेंढारी आणि ठग यांनी गजबजलेली होती.

या वाटेवर जो लुटला गेला, त्याचे पुढे काय होत असे? चोराचे काय झाले हे इतिहासाने बरेच लिहून ठेवले आहे. लुटलेल्याची चौकशी त्याने क्वचितच केली. आणि तरीही, ज्या काशीच्या ओढीने हा मनुष्य घर सोडी, त्याच काशीत लुटलेल्याचा प्रश्न मांडणाऱ्या विद्येचे अध्ययन पिढ्यान् पिढ्या चालत आले होते. त्या विद्येचे काही अग्रगण्य आचार्य तर मूळचे महाराष्ट्रीयच होते.

सोळाव्या शतकाच्या आरंभी पैठणचे रामेश्वर भट्ट काशीस जाऊन राहिले. त्यांचे पुत्र नारायण भट्ट यांनी प्रयाग, काशी आणि गया या तीन क्षेत्रांच्या यात्रेचा ‘त्रिस्थलीसेतु’ हा ग्रंथ रचला. नातू शंकर भट्ट हे मोठे मीमांसक. पणतू कमलाकर भट्ट यांचा ‘निर्णयसिंधु’ १६१२ मधला. याच घराण्यातल्या गागाभट्टांनी १६७४ मध्ये रायगडावर शिवछत्रपतींना राज्याभिषेक केला, हे महाराष्ट्रात कोणास सांगावयास नको. शंकर भट्टांचे पुत्र नीलकंठ यांनी सेंगर वंशातील भगवंतदेव राजाच्या आश्रयाने ‘भगवंतभास्कर’ हा बारा मयूखांचा ग्रंथ लिहिला. त्यांपैकी ‘व्यवहारमयूख’ पुढे इंग्रजी अमदानीत मुंबईच्या न्यायालयांत प्रमाण मानला गेला. आमच्या वकिलांना तो वारसाहक्काच्या वादांमुळे ठाऊक झाला. परंतु त्यात स्तेय, म्हणजे चोरी, हेही एक व्यवहारपद आहे. आणि चोरीविषयी या परंपरेने जे म्हटले आहे ते वारसाहक्काइतकेच लक्ष देण्याजोगे आहे.

ते थोडक्यात असे. चोराला शासन करणे हे राजाचे काम खरे. पण तेवढ्याने त्याचे काम संपत नाही. गौतमाच्या धर्मसूत्रात आज्ञा आहे, की चोरीस गेलेले धन परत मिळवून राजाने ते धन्याला द्यावे, आणि मिळाले नाही तर आपल्या कोशातून द्यावे. आपस्तंबाने नगराभोवती योजनभर आणि गावाभोवती कोसभर टापू रक्षकांच्या स्वाधीन केला, आणि त्या टापूत जे चोरीस जाईल ते रक्षकांनी भरून द्यावे असे ठरविले. कौटिल्य तर जाणता प्रशासक. व्यापाऱ्यांचा तांडा गावात उतरला, त्याने आपल्याजवळचा ऐवज सांगितला, आणि मग त्यातले काही नाहीसे झाले किंवा कोणी मारला गेला, तर ग्रामस्वामीने भरपाई करावी. दोन गावांच्या मधे घडले तर विवीताध्यक्षाने, म्हणजे कुरणांवरील अधिकाऱ्याने. जेथे कुरणही नाही तेथे चोररज्जुक या अधिकाऱ्याने. रस्त्याचा एकही तुकडा बेवारशी राहू नये, याची ही व्यवस्था. ज्याने कधी दोन तालुक्यांच्या हद्दीवरील गुन्ह्याचे कागद एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत फिरताना पाहिले असतील, त्याला या तरतुदीचे मोल अधिक कळेल.

याज्ञवल्क्य स्मृतीत याविषयी जो शब्द येतो तो ‘देय’ असा आहे. चोरीला गेलेले द्रव्य राजाने प्रजेस द्यावयाचे. न दिल्यास त्या पापाचा वाटा त्याच्याकडे येतो. कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयास असलेल्या विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरे’त याची आणखी फोड केली आहे. (ते कल्याणी म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण.) राजाने चोराकडून माल घेऊन स्वतःच ठेवला, तर तो चोराच्या पापाचा धनी, त्याने उपेक्षा केली, तर प्रजेच्या पापाचा धनी, आणि यत्न करूनही माल हाती लागला नाही, तर त्याने स्वतःच्या भांडारातून तितके धन द्यावे. लुटल्या गेलेल्या माणसाला या ग्रंथांत स्वतंत्र संज्ञा आहे: मुषित. चोरी खरोखर झाली की नाही असा संशय असेल, तर मुषिताकडून शपथ घ्यावी किंवा त्याच्या बांधवांकरवी ती सिद्ध करवावी, अशीही दक्षता आहे. कारण राजाच्या भांडारातून पैसा मिळतो म्हटल्यावर खोटे मुषितही उभे राहणारच.

शास्त्रात लिहिले म्हणून प्रत्येक राजाने ते देणे दिले, असे समजणे भाबडेपणाचे होईल. या स्मृतींनी दंडाच्या बाबतीत वर्णावर्णांत केलेला भेदही झाकून ठेवण्याचे कारण नाही. मात्र चोरीचे धन परत करावयाचे ते सर्व वर्णांस, असे मनूनेच म्हटले आहे. मुद्दा असा, की मुषिताची हानी हे येथे राजाचे ऋण मानले आहे, कृपा नव्हे. प्रजेकडून षड्भाग घ्यावयाचा तो रक्षणाबद्दल. रक्षण झाले नाही, तर घेतलेल्या वेतनाची जबाबदारी उरतेच.

हा नियम पोथीतच राहिला नाही, याची साक्ष महाराष्ट्र देतो. १८१९ मध्ये एल्फिन्स्टनने पेशव्यांच्या जिंकलेल्या मुलखासंबंधी जो अहवाल दिला, त्यात गावच्या रामोशी व भिल्ल जागल्यांचे वर्णन आहे. चोरी झाली, की जागल्याने पावलांचा माग काढावयाचा. माग शेजारच्या गावच्या शिवेत शिरला, की तो तेथील जागल्याच्या हवाली करावयाचा. आणि ज्या गावात माग थांबला त्या गावावर भरपाईची जबाबदारी. याज्ञवल्क्याने पदचिन्हांविषयी जे लिहिले तेच येथे बोलीभाषेत चालू होते. अर्थात पाटलाला आणि गावाला हा बोजा पुष्कळदा अन्यायाचा होई, हेही खरे. अहल्याबाई होळकरांनी माळव्यात याच तत्त्वाचा चतुर उपयोग केला. डोंगरातल्या भिल्लांची वाटसरूंकडून ‘भिलकवडी’ घेण्याची जुनी वहिवाट त्यांनी मोडली नाही. तिला मान्यता दिली, आणि मोबदल्यात आपापल्या हद्दीतील वाटसरूचे रक्षण व चोरीस गेलेल्या मालाची हमी भिल्ल प्रमुखांकडून घेतली. माल्कमने ही हकीकत नोंदविली आहे. १७८० मध्ये काशीविश्वेश्वराचे देऊळ बांधणाऱ्या अहल्याबाईंनी देवळापर्यंतच्या वाटेचाही विचार केला होता, हे देवळाचे वर्णन करताना सहसा विसरले जाते.

खुद्द काशीत मोहल्ल्यामोहल्ल्यांना फाटके असत. ती रात्री बंद होत आणि चौकीदाराचा खर्च रहिवासी वाटून घेत. १७८७ पासून १७९५ पर्यंत तेथे जोनाथन डंकन हा कंपनीचा रेसिडेंट होता. १७९१ मध्ये काशीची संस्कृत पाठशाळा काढणारा आणि पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेला तो हाच. बंगालमध्ये कॉर्नवॉलिसने जमीनदारांकडून पोलिसांचे काम काढून घेऊन दरोगे नेमले होते. बनारस प्रांतात मात्र १७९५ च्या कायद्याने रखवालीचे काम तहसीलदारांकडे राहिले, आणि चोर सापडला नाही तर गेलेल्या मालाची भरपाईही त्यांच्याच माथी होती. म्हणजे कंपनी सरकारच्या छापील कायद्यातही हे जुने देणे काही वर्षे टिकून होते. १८०७ मध्ये तहसीलदारांकडचे पोलिसांचे काम गेले, आणि त्याबरोबर ती हमीही गेली.

यानंतरची व्यवस्था अधिक कार्यक्षम होती, हे नाकारता येणार नाही. ठगांचा बंदोबस्त हे तिचे ठळक उदाहरण. विल्यम स्लीमनने सागर-जबलपूरकडे माफीचे साक्षीदार फोडले, प्रेते उकरून काढली, १८३६ मध्ये ठगीविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला. ठगांचे चित्र इंग्रज अधिकाऱ्यांनी किती रंगविले याविषयी अलीकडच्या इतिहासकारांत वाद आहे. पण रुमालाचे फास खरे होते आणि विहिरींतली हाडेही खरी होती. रजेवर घरी निघालेला शिपाई, रोकड नेणारा माणूस, यात्रेकरू असे घरापासून दूर असलेले लोक ठग हेरीत, कारण त्यांची वाट पाहणाऱ्यांना शंका येईपर्यंत महिने उलटत. स्लीमनने त्याच वर्षी प्रसिद्ध केलेल्या ‘रामसीआना’ या ग्रंथात ठगांच्या गुप्त भाषेचा कोश आहे, त्यांच्या वंशावळी आहेत. माफीच्या साक्षीदारांसाठी आणि त्यांच्या मुलाबाळांसाठी जबलपुरास उद्योगशाळा निघाली; तेथे सतरंज्या, गालिचे आणि तंबू विणले जात. फिरंगिया या ठगाचे नाव आजही वाचकांना ठाऊक असते. त्याच्या टोळीने मारलेल्या माणसांपैकी एकाचे तरी नाव किती जणांना सांगता येईल? ज्या घरी कावड यावयाची होती आणि आली नाही, त्या घराची वंशावळ कोणी लिहिली नाही.

इंग्रजी कायद्याच्या दृष्टीने गुन्हा हा राजसत्तेविरुद्ध असतो. मुषित तेथे फिर्यादी म्हणून येतो, साक्षीदार म्हणून उभा राहतो आणि घरी जातो. दंड वसूल झाला तर तो सरकारी खजिन्यात जमा होतो. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत दंडाच्या रकमेतून भरपाई देण्याची मुभा न्यायालयाला होती. पण आरोपी सापडला, दोषी ठरला, आणि त्याच्याजवळ पैसा निघाला, तर! १८५७ च्या धामधुमीत उत्तरेस गेलेले वरसईचे विष्णुभट गोडसे वाटेत लुटले गेले, झाशीचा विध्वंस डोळ्यांनी पाहून आले. त्यांचा ‘माझा प्रवास’ चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केला. कमावलेली दक्षिणा गेली, याविषयी दाद कोणाकडे मागावी हा प्रश्नही त्या काळी उद्भवत नव्हता. लुटणाऱ्यांत सरकारचे शिपाईही होते.

मुषिताकडे पुन्हा लक्ष गेले ते विसाव्या शतकाच्या मध्यावर, आणि युरोप-अमेरिकेत. बेंजामिन मेंडेलसोन आणि हान्स फोन हेंटिग यांनी अपराधपीडितांच्या अभ्यासाला आरंभ केला. हेंटिगचा ग्रंथ १९४८ चा. गंमत अशी, की या अभ्यासाचा पहिला प्रश्न पीडिताचा स्वतःचा दोष किती, हा होता. त्याला सहानुभूतीचे वळण लावणाऱ्यांत इंग्लंडच्या मार्जरी फ्राय या विदुषी अग्रणी. त्यांनी एक उदाहरण पुढे ठेवले. मारहाणीत आंधळ्या झालेल्या एका माणसाला न्यायालयाने ११,५०० पौंड देवविले. दोघा गुन्हेगारांनी दर आठवड्यास पाच-पाच शिलिंग भरावयाचे ठरले. त्या हिशेबाने सगळी रक्कम पदरात पडण्यास आंधळ्याला आणखी ४४२ वर्षे जगावे लागले असते. १९५७ मध्ये त्यांनी ही भरपाई राज्याने करावी असे सुचविले. १९६३ मध्ये न्यूझीलंडने तसा कायदा केला, १९६४ मध्ये ब्रिटनने योजना काढली. १९८५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी पीडितांच्या न्यायाचा जाहीरनामा स्वीकारला, आणि १९९४ च्या मानव विकास अहवालाने सुरक्षितता म्हणजे केवळ राष्ट्राच्या सीमेची नव्हे, तर सामान्य माणसाच्या रोजच्या जिण्याचीही, असे मांडले. न्यूझीलंडच्या कायद्याला जगातला पहिला म्हणण्याचा प्रघात आहे. त्याच १९६३ मध्ये भारतरत्न झालेले पांडुरंग वामन काणे यांनी मात्र गौतम-आपस्तंबांचे हे नियम आपल्या ‘धर्मशास्त्राच्या इतिहासा’च्या १९४६ मधील तिसऱ्या खंडात आधीच मांडून ठेवले होते. ‘व्यवहारमयूखा’ची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणारेही तेच.

भारतात ही गोष्ट कायद्यात येण्यास २००९ साल संपत आले. त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपासून फौजदारी प्रक्रिया संहितेत ३५७-अ हे कलम अमलात आले. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ३९६ व्या क्रमांकावर आहे. त्यात एक पोटकलम असे, की गुन्हेगाराचा शोध लागला नाही, खटला उभा राहिला नाही, तरी पीडिताने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा, आणि दोन महिन्यांत चौकशी पुरी होऊन त्याला योग्य भरपाई मिळावी. विज्ञानेश्वराने सांगितलेली तिसरी स्थिती ती हीच. उत्तर प्रदेशाने २०१४ मध्ये त्याप्रमाणे योजना केली.

मधल्या काळात काशीने पुष्कळ सोसले होते. ७ मार्च २००६ रोजी संकटमोचन मंदिरात आणि रेल्वे स्थानकावर स्फोट झाले. ७ डिसेंबर २०१० रोजी गंगेच्या आरतीच्या वेळी घाटावर स्फोट झाला. अशा प्रसंगी शासन मृतांच्या वारसांना जी मदत जाहीर करते, तिला सरकारी भाषेत ‘सानुग्रह’ म्हणतात. अनुग्रह म्हणजे कृपा. याज्ञवल्क्याचा शब्द ‘देय’ होता. या दोन शब्दांतले अंतर पैशाच्या रकमेने मोजता येत नाही. मागणाऱ्याने कचेरीच्या दारात कसे उभे राहावयाचे, हे त्यावर ठरते.

आणखी एक उलटापालट झाली आहे. स्मृतिकारांचे राज्य प्रामुख्याने धनाची हानी भरून देत असे. घाव घातला असेल तर औषधपाण्याचा खर्च घाव घालणाऱ्याकडून घ्यावयाचा. आजच्या योजनांची परिशिष्टे मृत्यू, अपंगत्व, बलात्कार, अम्लहल्ला अशा देहावरच्या आघातांची आहेत, आणि ते योग्यच आहे. साध्या चोरीला त्यांत सहसा स्थान नाही. दशाश्वमेध घाटावर स्नान करून वर येताना आपली पिशवी नाहीशी झालेली ज्याला आढळते, त्या यात्रेकरूने पोलीस ठाण्यात जाऊन तक्रार नोंदवावयाची. प्रथम माहिती अहवालाची एक प्रत त्याला विनामूल्य मिळते.