हलक्या मोटारीचीं चाकें

बैलगाडीचें चाक सुतार करतो आणि त्यावर लोखंडी धांव लोहार चढवितो. दोघांचीं मापें जमलीं नाहींत, तर गाडी कितीहि सुबक असली तरी वाटेंत अडते. मोटारीच्या युगांत सुताराची जागा इंजिनियरानें व लोहाराची जागा टायरच्या कारखान्यानें घेतली. पण नियम तोच राहिला. वेगवान परंतु वजनानें हलक्या मोटारींच्या इतिहासांत त्याची साक्ष वारंवार मिळते.

मोटारीची सारी शक्ति जमिनीवर उतरते ती रबराच्या चार तुकड्यांवरून, आणि त्यांतील प्रत्येक तुकडा जेमतेम तळहाताएवढा असतो. मोटार हलकी असली म्हणजे चाकाची निवड अधिकच नाजूक होते. जड चाक खाचखळग्यांतून उसळलें, कीं हलकी मोटारहि त्याबरोबर हादरते आणि टायरची रस्त्यावरील पकड क्षणभर सुटते. म्हणून चाक हलकें हवें. रबराचेंहि तसेंच. मऊ रबर रस्त्याला घट्ट धरतें, पण लवकर झिजतें. कठीण रबर टिकतें, पण तें तापल्याखेरीज नीट धरीत नाहीं, आणि हलक्या मोटारीच्या थोड्या भारानें तें पुरेसें तापत नाहीं.

चाक हलकें करण्याचा एक धाडसी प्रयत्न एत्तोरे बुगाती यानें केला. ३ ऑगस्ट १९२४ रोजीं फ्रान्समध्यें लियों शहराजवळ झालेल्या ग्रां प्री शर्यतींत त्यानें आपली ‘टाइप ३५’ ही नवी मोटार उतरविली. तिचें वजन सुमारें ७५० किलो होतें. त्या काळीं शर्यतीच्या मोटारींना बहुधा तारांच्या आऱ्यांचीं चाकें असत. बुगातीनें अल्युमिनियमचें ओतीव चाक केलें. त्याला आठ चपटे आरे होते आणि ब्रेकचा ड्रम चाकाबरोबरच ओतलेला होता. चाक काढतांच ब्रेक उघडा पडे व तो तपासतां येई. कल्पना अस्सल होती. परंतु त्या चाकांसाठीं मुद्दाम तयार केलेले टायर मात्र कच्चे निघाले. गंधकाबरोबर तापवून रबर जितकें पक्कें करावें लागतें, तितकें तें झालें नव्हतें, असें त्याचें कारण सांगतात. भर शर्यतींत टायरांवरील रबर सुटून उडूं लागलें. काम्पारी याच्या आल्फा रोमियोनें शर्यत जिंकली आणि बुगातीच्या मोटारींना सातव्या व आठव्या क्रमांकावर समाधान मानावें लागलें. चाक मात्र निर्दोष होतें. चांगले टायर मिळाल्यावर बुगातीच्या मोटारींनीं १९२५ ते १९२९ अशीं ओळीनें पांच वर्षें सिसिलींतील ‘तार्गा फ्लोरिओ’ शर्यत जिंकली.

याच्या उलट उदाहरण इंग्लंडमधील ‘मिनी’चें. अलेक इसिगोनिस याला दहा फूट लांबीच्या मोटारींत चार माणसें बसवावयाचीं होतीं. चाकें मोठीं केलीं तर माणसांची जागा जाते. तेव्हां त्यानें दोन्हीं हात समोर धरून ‘एवढें चाक हवें’ असें दाखविलें आणि तें अंतर मोजलें तें दहा इंच भरलें, अशी एक गोष्ट सांगतात. असल्या चाकाची अडचण उघड आहे. पंधरा इंची चाक तीन फेरे करी, तेवढ्या अंतरांत या चाकाला सुमारें चार फेरे करावे लागत. म्हणजे टायर अधिक तापणार आणि अधिक झिजणार. येथें डनलॉप कंपनीनें त्या चाकासाठीं आरंभापासून स्वतंत्र टायर घडविला. १९५९ सालीं मिनी बाजारांत आली, १९६१ त तिची वेगवान ‘कूपर’ आवृत्ति निघाली आणि १९६४ सालीं पॅडी हॉपकर्क यानें तिच्या ‘कूपर एस’ या आवृत्तीवर माँटे कार्लोची रॅली जिंकली. लहान चाकाचें मोल ब्रेकच्या रूपानें मात्र द्यावें लागलें. दहा इंची चाकांत मोठी डिस्क मावेना. शेवटीं १९८४ त मिनीला बारा इंची चाकें मिळालीं, तेव्हां ब्रेकहि मोठे झाले.

हा सलोखा सुटला म्हणजे काय होतें, तें डेरेक गार्डनरच्या सहा चाकी ‘टिरेल पी ३४’ नें दाखविलें. पुढच्या मोठ्या चाकांवर वारा आदळूं नये म्हणून त्यानें तेथें दहा इंची चार चाकें बसविलीं. १३ जून १९७६ रोजीं स्वीडनमधील शर्यतींत याच मोटारींनीं पहिला व दुसरा क्रमांक पटकाविला. परंतु तसले पुढचे टायर लागत एकट्या टिरेलला. मागच्या मोठ्या टायरांचें रबर सर्व संघांसाठीं सुधारत गेलें, पुढचें लहान टायर मागें पडले. पुढच्या व मागच्या चाकांची पकड जुळेना, आणि १९७७ च्या अखेरीस ती मोटार सोडून द्यावी लागली.

तिन्हीं मोटारींचे कर्ते बुद्धिमान होते आणि चाकांविषयींचें त्यांचें गणितहि चुकलें नव्हतें. यश मात्र टायरवाल्याच्या साथीवर अवलंबून राहिलें. आजहि हलक्या मोटारीला केवळ दिमाखासाठीं मोठीं, जड चाकें चढवितांना हीच गोष्ट विसरली जाते. हव्या त्या मापाचा, हव्या त्या रबराचा टायर मिळतो कीं नाहीं हें आधीं पाहावें आणि मगच चाक निवडावें, हा शहाणपणा गांवच्या सुतारालोहारांना फार पूर्वींच ठाऊक होता.